डॉल्फीच्या एका रात्रीचा माग

अमेरिकन जॅझ वादक एरिक डॉल्फी ऐकायचा असेल तर अल्बमच्या नावावर जाऊ नका, तारीख धरा. १६ जुलै १९६१, न्यूयॉर्कमधला फाइव्ह स्पॉट क्लब. ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डरचं. ट्रम्पेटवर बुकर लिटल, पियानोवर मॅल वॉलड्रन, डबल बासवर रिचर्ड डेव्हिस, ड्रम्सवर एड ब्लॅकवेल. आणि डॉल्फी कधी आल्टो सॅक्सोफोनवर, कधी बास क्लॅरिनेटवर, कधी बासरीवर.

अडचण अशी, की ही एक रात्र एका जागी सापडत नाही. ‘ॲट द फाइव्ह स्पॉट’चे दोन भाग, मग ‘मेमोरियल अल्बम’, आणि दोन रचना ‘हिअर अँड देअर’मध्ये, इतर दिवसांच्या वादनात मिसळलेल्या. एकदा वेगळं मुखपृष्ठ पाहून मी एक पुनर्प्रकाशन घेतलं. लावताच वॉलड्रनच्या हाताखालचा तो बेसूर पियानो ओळखू आला. हे सगळं माझ्याकडे आधीच होतं. तेव्हापासून वहीत चार रकाने आखून ठेवलेत: तारीख, जागा, साथीदार, डॉल्फीच्या हातातलं वाद्य. काही घेण्याआधी मुखपृष्ठाच्या मागचा बारीक मजकूर वाचून वहीशी ताडून पाहते. तुम्हीही हेच करा.

आता ऐकायचं कसं? आधी त्या रात्रीची ‘फायर वॉल्ट्झ’ ही रचना. पहिल्या खेपेला डॉल्फीकडे लक्षच देऊ नका. ब्लॅकवेलचे ड्रम्स आणि तीन मात्रांचं ते वर्तुळ अंगात भिनू द्या. दुसऱ्या खेपेला आल्टो ऐका. शेजारच्या सुरावर पाऊल ठेवण्याऐवजी तो लांब उडी घेतो, मधेच माणूस तावातावाने बोलावा तसा बोलतो, आणि इतकं करून ठेका कुठे सुटत नाही. मग वीस मिनिटांहून मोठी ‘द प्रॉफेट’, एका बैठकीत. ‘बी व्हॅम्प’ सीडीवर दोनदा आहे. दोन्ही लागोपाठ ऐका आणि लिटलने दुसऱ्यांदा काय बदललं ते शोधा. लिटल त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला गेला, अवघ्या २३व्या वर्षी. त्याचे सूर मला घाईत ऐकवत नाहीत.

माझा सगळ्यात आवडता अभ्यास ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’चा. गायिका बिली हॉलिडेचं मूळ गाणं आधी गुणगुणता येईल इतकं ऐका. मग डॉल्फीचं एकट्या बास क्लॅरिनेटवरचं वादन लावा, साथीला कोणीही नाही. खर्जातून वर धावत जाणाऱ्या सुरांच्या ओळी, आणि त्यांत मूळ चाल थोडीथोडी डोकावते. असं तीनदा ऐका: फाइव्ह स्पॉटचं, सप्टेंबर १९६१चं कोपनहेगनचं आणि मार्च १९६३चं इलिनॉय विद्यापीठातलं. हे शेवटचं १९९९मध्ये बाहेर आलं. प्रत्येक वेळी चाल नेमकी कुठे उघडी पडते, तिथे मिनिट-सेकंद लिहून ठेवा. तिसऱ्यांदा ऐकताना तुम्ही त्या जागेची वाट पाहू लागाल.

‘लास्ट डेट’ हा अल्बम जरा मागे ठेवा. २ जून १९६४ला हिल्व्हरसममध्ये डच साथीदारांबरोबर केलेलं वादन. त्याच महिन्याच्या २९ तारखेला बर्लिनमध्ये डॉल्फी वारला, ३६व्या वर्षी. त्यातली बासरी ऐकताना दुसरं काही काम हाती घेऊ नका.

पुनर्प्रकाशनांत २०१८चं ‘म्युझिकल प्रॉफेट’ जरूर घ्या. १९६४मध्ये युरोपला जाताना डॉल्फीने आपल्या टेप संगीतकार हेल स्मिथ आणि त्यांच्या पत्नीकडे ठेवल्या होत्या. पुढे त्या बासरीवादक जेम्स न्यूटनकडे आल्या. जुलै १९६३ची ही स्टुडिओतली वादनं. ‘कॉन्व्हर्सेशन्स’ आणि ‘आयर्न मॅन’ हे मूळ अल्बम आधी ऐका, पर्यायी टेक, म्हणजे त्याच रचनांची वेगळी ध्वनिमुद्रणं, नंतर. ‘अलोन टुगेदर’मध्ये फक्त बास क्लॅरिनेट आणि डबल बास. फाइव्ह स्पॉटची ती रात्र कानात मुरली असेल, तर साथीदाराचं नाव वाचायची गरज पडणार नाही. तो रिचर्ड डेव्हिसच.