जाग आली, पण अंग हलेना: स्लीप पॅरालिसिस आला तर काय करायचं

डोळे उघडलेत. खोली आपलीच आहे, पंख्याची घरघर ऐकू येतेय, दाराच्या फटीतला उजेडही दिसतोय. उठायला जावं तर बोटसुद्धा हलत नाही. हाक मारायला जावं तर घशातून फार तर एक घोगरा हुंकार निघतो. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं ओझं, आणि खोलीत कुणीतरी आहे याची पक्की खात्री. २०११ साली तोवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेल्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकांत सुमारे ७.६ टक्के आणि विद्यार्थ्यांत २८ टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे प्रकार तसा सर्रास आढळणारा आहे, फक्त लोक बोलत नाहीत. आपल्याला वेड लागलंय असं समोरच्याला वाटेल, ही भीती असते.

आत नेमकं काय घडतं

हे कळलं की अर्धी भीती तिथेच उतरते, म्हणून थोडं सविस्तर.

झोपेत साधारण दर दीड तासाने एक टप्पा येतो. त्याला आरईएम झोप म्हणतात. मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर फिरत असतात आणि ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. या वेळी मेंदूच्या देठाकडचा भाग ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं वापरून स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना गप्प बसवतो. ही सोय नसती तर स्वप्नात धावता धावता माणूस पलंगावरून खाली आला असता. या बंदीतून मुख्यतः बुबुळं आणि श्वासपटल (छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा स्नायू) सुटलेले असतात.

एरवी जाग आणि हालचाल बरोबरच परततात. स्लीप पॅरालिसिसमध्ये जाग आधी येते आणि अंगावरची बंदी थोडी मागाहून उठते. हे मधलं अंतर काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत असतं. भ्यायलेल्या माणसाला ते कितीतरी मोठं वाटतं.

आता छातीवरचं ओझं. आरईएममध्ये बरगड्यांमधले स्नायूही सैल पडलेले असतात, त्यामुळे श्वासाचा सगळा भार श्वासपटलावर असतो. तेवढा श्वास शरीराला पुरतो, पण तो उथळ असतो आणि आपल्या हुकमात नसतो. घाबरून आपण मोठा श्वास घ्यायला जातो, छाती फुलत नाही आणि ‘कुणीतरी दाबतंय’ असा अर्थ मेंदू लावून मोकळा होतो. गुदमरल्याची ही जाणीव कितीही खरी वाटली तरी श्वास चालूच असतो.

सावली, पावलं, कानाशी कुजबुज, हवेत तरंगल्यासारखं किंवा अंगाबाहेर पडल्यासारखं वाटणं हे सगळं अर्धवट राहिलेलं स्वप्न असतं. डोळे उघडे असल्यामुळे ते खऱ्या खोलीवर उमटतं, म्हणून इतकं पटतं. नेहमीच्या वाईट स्वप्नातली खोलीही खोटी असते; इथे खोली खरी असते, एवढाच फरक, पण तो फार मोठा.

त्या क्षणी करायचं ते

पहिलं काम, ओळखणं. एक छोटं वाक्य आधीच पाठ करून ठेवा: ‘हा स्लीप पॅरालिसिस आहे, आपोआप सुटेल.’ शब्द दर वेळी तेच ठेवा. अर्धवट झोपेत नवं काही सुचत नाही, घोकलेलं तेवढंच वर येतं.

दुसरं, ओढाताण थांबवणं. सगळी ताकद लावून उठायला जाणं ही सगळ्यांत नैसर्गिक आणि सगळ्यांत निरुपयोगी गोष्ट. आज्ञा सुटते, स्नायूपर्यंत पोचत नाही, ती पोचली नाही म्हणून धास्ती वाढते, आणि धास्तीचं खाद्य मिळालं की सावली आणखी जवळ सरकते. श्वासाचंही तसंच. तो आपल्या हाती घेऊ नका, चाललाय तसा चालू द्या. ‘दीर्घ श्वास घ्या’ हा एरवी हुकमी सल्ला इथे उलटा पडतो. कारण वर आलंच आहे.

तिसरं, लक्ष आत वळवणं. कोपऱ्यातली आकृती नीट पाहायचा मोह टाळा. जितकं निरखाल तितकी ती भरत जाते. पापण्या मिटता येत असतील तर मिटा आणि आधी ठरवून ठेवलेल्या एकाच गोष्टीला धरून राहा: जिवलग माणसाचा चेहरा, प्रार्थनेची ओळ, एखादी चाल, काहीही. गोष्ट मात्र आवडती हवी, नुसते आकडे मोजत राहिलं तर मन चटकन परत कोपऱ्याकडे धावतं.

‘पायाचा अंगठा हलवा’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. काहींना तो लागू पडतो. आमचं मत असं, की एक-दोनदा हलकेच करून पाहायला हरकत नाही, पण सुटलं नाही तर नाद सोडा. अंगठ्याशी झुंज सुरू झाली की पुन्हा तीच ओढाताण. त्यापेक्षा बुबुळं डावी-उजवीकडे फिरवून पाहा. ती मुळातच मोकळी असतात, त्यामुळे निदान शरीराचा एक भाग आपलं ऐकतोय एवढा धीर येतो.

बालंद जलाल या संशोधकाने २०१६ मध्ये याच धर्तीवर चार पायऱ्यांची पद्धत मांडली: अनुभवाचा अर्थ बदलणं, त्यापासून मनाने अलिप्त होणं, सुखद गोष्टीवर ध्यान लावणं आणि स्नायू सैल सोडून न हलणं. नंतर नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराच्या, मोजक्या रुग्णांवर तिची छोटी चाचणी झाली आणि झटके कमी झाल्याचं दिसलं. चाचणी लहान आहे हे लक्षात ठेवा, पण पद्धतीला खर्च नाही आणि धोकाही नाही.

हे सगळं दिवसा गिरवावं लागतं, नाहीतर रात्री आठवत नाही. आठवड्यातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, पूर्ण जागेपणी पाठीवर आडवे व्हा. झटका आलाय असं समजा, पाठ केलेलं वाक्य मनात म्हणा, अंग सैल सोडा आणि ठरवलेल्या गोष्टीवर लक्ष न्या. ही तालीम झोपेच्या वेळी करू नका, तीत डोळा लागतो आणि पाठीवरच लागतो.

सुटल्यावर लगेच झोपू नका

इथे बरेच जण चुकतात. अंग मोकळं झालं की हुश्श करून कूस न बदलता डोळे मिटतात, आणि दोन मिनिटांत दुसरा झटका. कारण झोप तुटली होती ती आरईएममध्ये, आणि तशीच लगेच पुन्हा लागली तर माणूस थेट तिथेच जाऊन पडू शकतो. उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, मंद दिवा लावा, तोंडावर पाणी मारा, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे करा. फोन नको. मग कुशीवर झोपा.

शेजारी झोपणाऱ्याला आधी सांगून ठेवा: श्वास अचानक जोरात आणि आवाज करत चालला, नाकातून बारीक हुंकार येत राहिला, पापण्या अर्ध्या उघड्या दिसल्या, तर नाव घेऊन हाक मारायची आणि खांद्यावर हात ठेवायचा. बहुतेक वेळा तेवढ्या स्पर्शाने झटका मोडतो. गदागदा हलवू नये. खोलीत ‘कुणीतरी’ असताना अंगावर अचानक हात पडले तर काय होईल, विचार करा.

झटके कमी कसे करायचे

झोपेची थकबाकी हे सगळ्यांत मोठं कारण. दोन-तीन रात्री झोप कमी झाली की शरीर आरईएमची वसुली करायला लागतं. हा टप्पा वेळेआधी आणि जास्त जोराने येतो, आणि जागेपण-झोपेच्या सीमेवर सांडतो. म्हणून प्रौढांनी सात ते नऊ तास झोप घ्यावी. त्याहून महत्त्वाचं, उठायची वेळ रोज तीच ठेवावी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. झोपायची वेळ हळूहळू तिच्यामागून येते.

गजराचं स्नूझ बटण बंद करा. पहाटे आरईएमचं प्रमाण मुळातच जास्त, आणि त्यात दर काही मिनिटांनी जाग आणि परत डुलकी, म्हणजे झटक्याला आमंत्रणच. दुपारची झोपही वीस मिनिटांत आटपा.

पाठीवर झोपल्यावर झटके जास्त येतात असं बहुतेक पाहण्यांत दिसतं. कुशीवर झोपायचं ठरवलं तरी झोपेत माणूस उलथतोच. त्यावर साधा उपाय म्हणजे जुन्या टी-शर्टाच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालायचा. टोचला की आपण नकळत कुशीवर वळतो. चेंडूने झोपच लागत नसेल तर पाठीमागे लांब, कडक उशी लावा.

दारूने रात्रीच्या पहिल्या भागातलं आरईएम दबतं आणि ती उतरली की उत्तररात्री उसळतं. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कपातलं निम्मं अकरालाही अंगात असतं. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या आरईएम दाबून ठेवतात, त्या एकदम बंद केल्या तर तेही उसळी मारतं. गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस बदलू नका.

आपल्या बाबतीत यातलं काय लागू आहे हे कळायला तीन आठवडे वही ठेवा. झोपल्याची आणि उठल्याची वेळ, झटका आला ती वेळ, तेव्हा अंग कसं होतं, आदल्या दोन रात्रींची झोप, डुलकी, दारू, कॅफीन, गोळ्या, एवढं पुरे. झटका झोप लागताना आला की उठताना, हे आवर्जून लिहा. झोप लागतानाच वारंवार येत असेल तर माणूस झोप लागल्या लागल्या आरईएममध्ये शिरतोय, आणि ते एकतर मोठ्या थकबाकीचं किंवा नार्कोलेप्सीचं लक्षण असू शकतं.

डॉक्टरांकडे कधी

एरवीचा, अधूनमधून येणारा झटका जिवाला धोका करत नाही. पण दिवसा आवरेना अशी झोप येत असेल, हसताना किंवा चिडताना गुडघे लुळे पडत असतील, जोरात घोरून मध्येच श्वास अडकत असेल, झटके दर आठवड्याला येत असतील, किंवा भीतीने झोपच टाळली जात असेल, तर निद्राविकारांच्या डॉक्टरांना गाठा. नार्कोलेप्सीची शंका आली तर ते रात्रभराची झोपेची तपासणी करतात आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी चार-पाच डुलक्या घ्यायला लावून झोप किती लवकर लागते, आरईएम किती लवकर येतं ते मोजतात. वही सोबत न्या.

पूर्ण जाग आल्यावरही हातपाय तासन्‌तास लुळे राहत असतील तर तो स्लीप पॅरालिसिस नव्हे. रक्तातलं पोटॅशियम घटल्यानेही असं होतं. आणि एकाच बाजूचा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर वही शोधत बसू नका, थेट रुग्णालयात जा.