शाळेविरुद्ध तक्रार करण्याआधीची तयारी

तुमच्या दिव्यांग मुलाला शाळा हव्या त्या सवलती देत नसेल, तर आजपासून तिच्याशी फक्त तोंडी बोलणं बंद करा. बाई प्रेमळ असतील, मुख्याध्यापक समजूतदार असतील, पण सुनावणीत "बघतो म्हणाले होते" याला किंमत नाही. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही घेतल्याशिवाय उठू नका. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

"मुलाकडे लक्ष द्या" असं मोघम लिहू नका. चाचणीला जादा वेळ, लेखनिक, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील टिपणं, विशेष शिक्षकाचे तास, जे हवं ते नेमकं मागा. खाली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधली कलमं १६ आणि १७ नमूद करा. सरकारमान्य शाळा त्यांत येतात, त्यामुळे "आम्ही विनाअनुदानित" हे उत्तर मान्य करू नका.

"प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व नाही, मग सवलत कसली?" हे हमखास ऐकवतात. कलम ३१ खालच्या मोफत शिक्षणाला ती अट आहे, वयोगट ६ ते १८. लेखनिकाचं तसं नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी ते स्पष्ट केलंय. निकालाची प्रत फाइलीत हवीच.

फाइलीत प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), तपासणीचे अहवाल तारखेनुसार लावा. वह्याही जपा. अर्धीच उतरवलेली ओळ आणि खाली लाल शाईत "अपूर्ण" असा शेरा, तारखेसकट दिसणारं असं एक पान लांबलचक तक्रारीपेक्षा जास्त सांगतं.

शाळा हलली नाही तर शिक्षणाधिकारी, मग पुण्यात राज्य दिव्यांग आयुक्त. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित प्राधिकरणाने काय केलं ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. तेवढ्यात वार्षिक परीक्षा होऊन जाईल, म्हणून परीक्षेपुरता अंतरिम दिलासा आयुक्तांकडच्या पहिल्याच अर्जात मागा.

मुलाला मात्र कार्यालयातल्या वादावादीत उभं करू नका. काय जड जातं ते घरी त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि ते पान अर्जाला जोडा.