प्रॉक्सीचे प्रकार समजून घ्या, मगच सेटिंगला हात लावा

परवा मावशीचा फोन आला, नेट बंद पडलंय म्हणे, राउटर तीनदा बंद-चालू करून झाला, वायफाय फुल दाखवतंय पण ब्राउझरमध्ये एक पान उघडेना. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी (तुमच्या आणि साइटच्या मध्ये बसून पानं आणून देणारा सर्व्हर), तिथे बघायला सांगितलं तर ऑफिसचा १० ने सुरू होणारा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर) ८०८० तसाच भरलेला, आणि तो पत्ता ऑफिसच्या आतला, घरून सापडणार कसा? प्रॉक्सीचं बटण बंद केलं आणि नेट सुरू.

तर सगळ्यात आधी तुमचंही हे प्रॉक्सीचं पान उघडून बघा. मग गुगलवर 'माझा आयपी' शोधा आणि आलेला नंबर लिहून ठेवा, कारण प्रॉक्सी लावल्यावर हाच नंबर बदलायला हवा. तुम्ही प्रॉक्सीला सांगता, ती साइटकडून पान आणून देते, साइटला पत्ता तिचा दिसतो. ही झाली फॉरवर्ड प्रॉक्सी. रिव्हर्स प्रॉक्सी साइटवाल्यांच्या बाजूला बसते, येणाऱ्या लोकांचा लोड अनेक सर्व्हरवर वाटून देते (एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर बरेचजण यासाठीच वापरतात), आपल्याला त्यात काही करायचं नसतं.

आता सेटिंग भरताना एचटीटीपी की सॉक्स हा प्रश्न येतोच. एचटीटीपी प्रॉक्सी मुळात वेबसाठी, सॉक्स५ मधून मात्र कुठल्याही अ‍ॅपचा ट्रॅफिक जाऊ शकतो, यूडीपीसुद्धा (कॉल, गेमसाठी वापरतात तो डेटा पाठवायचा प्रकार), आणि तिचा नेहमीचा पोर्ट १०८०. पण सॉक्स५ स्वतः काहीही एन्क्रिप्ट (दुसऱ्याला वाचता येणार नाही असं) करत नाही! व्हीपीएन तुमच्यापासून त्याच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता एन्क्रिप्ट करतो आणि साधारण अख्ख्या फोनचा ट्रॅफिक त्यातून नेतो, त्यामुळे दोन्ही एकच समजू नका.

फुकट प्रॉक्सींच्या याद्यांमध्ये तीन शब्द दिसतील. ट्रान्स्परंट म्हणजे तुमचा खरा आयपी साइटला पुढे कळवणारी, अ‍ॅनॉनिमस तो लपवते पण मी प्रॉक्सी आहे हे सांगते, आणि एलिट दोन्ही सांगत नाही. कॉलेजच्या किंवा हॉटेलच्या नेटवर्कवर तुम्ही काही सेट न करताच मध्ये बसलेली असते तिलाही ट्रान्स्परंटच म्हणतात, तिथे गोंधळ होतो.

माझं अगदी मनापासून सांगणं, या फुकट याद्यांमधली प्रॉक्सी लावून बँकेचं किंवा मेलचं लॉगिन करू नका. साइटपासून तुम्ही लपलात तरी प्रॉक्सी चालवणाऱ्यापासून नाही लपलात. साधी एचटीटीपी साइट असेल तर तो पासवर्डसकट सगळं वाचू शकतो, एचटीटीपीएस (एन्क्रिप्ट केलेली) असेल तर एरवी फक्त कुठल्या साइटवर गेलात तेवढंच त्याला कळतं. पण त्याने सर्टिफिकेट (साइट खरी आहे हे ठरवायला फोन ज्यावर विश्वास ठेवतो ते) इन्स्टॉल करायला लावलं आणि तुम्ही केलंत, की एचटीटीपीएसच्या आतलंही त्याला उघडून वाचता येतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाले असं सर्टिफिकेट टाकतात ते वेगळं, तो लॅपटॉप त्यांचा असतो. स्वतःच्या फोनवर असा मेसेज आला तर सरळ कॅन्सल करा आणि ती प्रॉक्सी काढून टाका.