मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' कसा ऐकायचा

पहिली गोष्ट, अमेरिकन गायक मार्विन गेचा हा अल्बम मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस तिथेच मरतो. आमच्या मालवणात जुलैत पाऊस पत्र्यावर असा काही वाजतो की हेडफोन लागतातच, आणि शफल बंद करा म्हणजे कराच, कारण 9 गाणी एकमेकांत मिसळत जातात, भजनात बुवा एका अभंगातून दुसऱ्यात शिरतो ना तसं. साधारण 35 मिनिटं लागतात, चहा आधीच करून घ्या.

अल्बम 1971 चा. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, मार्विनचा भाऊ फ्रँकी तिथून परत आलेला, आणि दुसरं गाणं अशाच घरी आलेल्या पोराच्या तोंडचं आहे.

पहिल्या फेरीत फक्त आवाज पकडा. मार्विन एकाच वेळी दोनदा गातोय असं वाटतं ना? ते चुकून झालं, दोन टेक एकदम वाजले आणि त्याला तेच आवडलं. दुसऱ्या फेरीत बेस गिटार वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनचा बेस ऐका, पखवाजासारखा खालून बोलत राहतो.

मग 'मर्सी मर्सी मी'. समुद्रावर तेल, माशांत पारा. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे येतात, चपलेला चिकटले की रॉकेलशिवाय निघत नाहीत, ते एकदा घासून या आणि मग हे गाणं लावा. मी बांगडे साफ करताना ऐकलं, हात थांबलाच.

सगळे शब्द कळले नाहीत तरी चालतं. फक्त शेवटचं गाणं संपत आलं म्हणून उठू नका, पहिल्या गाण्याचा सूर तिथे परत येतो.