नागपुरात पुरातत्त्व परिषद भरवताय? या चुका टाळा

पहिली चूक तारखेतच होते. थंडी छान म्हणून डिसेंबर ठरतो आणि नेमका त्याच आठवड्यात हिवाळी अधिवेशन! खोल्या मिळत नाहीत, मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडतात. शिवाय हिवाळा म्हणजे उत्खननाचा हंगाम. ज्याला ऐकायचं, तोच माणूस ट्रेंचमध्ये उभा असतो. आधी मुख्य वक्त्यांना त्यांचा हंगाम विचारा, मग सभागृह बुक करा.

दुसरी चूक सत्राच्या नावात. ‘विदर्भाचे पुरातत्त्व : विविध आयाम’ असं नाव दिलं की नाणी, मूर्ती, शिलालेख, सगळं एकाच सत्रात येऊन पडतं आणि कुणीच कुणाशी बोलत नाही. सत्राला प्रश्न द्या. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, माहूरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे लोहयुगातल्या दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांत, घोड्यांचे तांब्याचे दागिने सापडले. हे लोहार आणि हे घोडेवाले एकाच समाजातले होते का? एवढं विचारलंत, तर धातूंचा अभ्यासक, प्राण्यांच्या हाडांचा अभ्यासक आणि उत्खनक एका टेबलाशी बसतील. मनसर-नगरधनच्या वाकाटकांसाठी, म्हणजे त्यानंतर कित्येक शतकांनी आलेल्या राजघराण्यासाठी, वेगळं सत्र ठेवा. त्या चर्चेची साधनंच निराळी.

निमंत्रण फोनवर देऊन थांबू नका. पत्रात विषय, मिनिटं, गोषवाऱ्याची तारीख, प्रवासखर्च कोण आणि कधी देणार, हे स्पष्ट लिहा. सरकारी खात्यातल्या अधिकाऱ्याला वरिष्ठांची परवानगी लागते, म्हणून पत्र कार्यालयामार्फत आणि तीन-चार महिने आधी जायला हवं. परदेशी पाहुण्यांना कॉन्फरन्स व्हिसा लागतो. त्याच्या मंजुऱ्यांना वेळ लागतो.

आता सगळ्यात जास्त जे बिघडतं ते, म्हणजे उद्घाटन. एका परिषदेत मी संयोजकांपैकी होतो. प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, बारा जणांना शाल-श्रीफळ. बीजभाषणाला उरली अकरा मिनिटं. सत्तरी ओलांडलेले ते सर रात्रभर रेल्वेने आले होते. काळ्या-तांबड्या खापरांच्या चाळीस स्लाइड त्यांनी आणल्या होत्या. सहाव्या स्लाइडला मीच त्यांच्यापुढे चिठ्ठी सरकवली. त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि खाली बसले. तेव्हापासून मी बीजभाषण उद्घाटनात ठेवतच नाही. ते चहानंतर, स्वतंत्र, पन्नास मिनिटांचं. सत्कार संध्याकाळी जेवणाआधी.

शोधनिबंधाला पंधरा मिनिटं वाचन, पाच मिनिटं प्रश्न, आणि एका सत्रात चारच निबंध. पाचवा कोंबला की प्रश्नोत्तरंच जातात. सत्राध्यक्षांना निबंध आठवडाभर आधी पाठवा, नाहीतर समारोपाला ‘सर्वच निबंध उत्तम’ एवढंच ऐकायला मिळतं.

स्लाइड आदल्या रात्री सभागृहाच्याच संगणकावर उघडून पाहा. जुन्या मराठी फॉन्टमधली अक्षरं तिथे हमखास चिन्हं होऊन बसतात. युनिकोडच मागा, सोबत पीडीएफही घ्या. अप्रकाशित उत्खननाचे फोटो असतील तर मोबाइलवर टिपू नका, असं सत्राध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगावं.

स्थळभेट शेवटच्या दिवशी दुपारी ठेवू नका. अर्धे लोक गाडी पकडायला निघून गेलेले असतात. काटोल रोडने जुनापाणीच्या शिळावर्तुळांकडे सकाळी लवकर न्या. तिथल्या शिळांवरचे वाटीसारखे खळगे तिरप्या उन्हातच नीट दिसतात.