सी मधलं फंक्शन ब्राउझरमधून कसं चालवायचं (द्राक्षाच्या डिग्री डेजचं उदाहरण)

ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला किती उष्णता मिळाली याचा हिशोब म्हणजे डिग्री डेज. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्यायचं, सरासरी काढायची, त्यातून १० अंश (द्राक्षवेलीच्या वाढीचं किमान तापमान) वजा करायचे, शून्याखाली गेलं तर शून्य धरायचं आणि रोजची बेरीज करत जायची. एवढंसं गणित जावास्क्रिप्टमध्येच होईल, मान्य. पण तुमच्याकडे सी मध्ये लिहिलेलं, नीट तपासलेलं रोगाच्या अंदाजाचं मोठं मॉडेल असेल तर ते परत लिहीत बसण्यापेक्षा आहे तसं वेबअसेंब्लीत (सी सारख्या भाषेतला कोड ब्राउझरमध्ये चालवायचा फॉरमॅट) आणलेलं कधीही बरं, आणि पद्धत दोन्हीला एकच लागते म्हणून छोट्या उदाहरणावर शिकूया. २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये वेबअसेंब्ली आहे, त्यामुळे दिंडोरीतल्या शेतकऱ्याच्या फोनवर चालेल का ही काळजी नको.

आधी एमस्क्रिप्टन, म्हणजे सी चा कोड वेबअसेंब्लीत बदलणारा कंपायलर, इन्स्टॉल करा. सी मधल्या फंक्शनला तीन गोष्टी द्यायच्या: कमाल तापमानांच्या अ‍ॅरेचा पॉइंटर (म्हणजे मेमरीतला पत्ता), किमानचा पॉइंटर आणि किती दिवस. कंपाइल करताना एक्सपोर्टेड फंक्शन्सच्या यादीत तुमचं फंक्शन, मॅलॉक (मेमरीत जागा मागणारं) आणि फ्री (ती जागा परत करणारं) ही तिन्ही टाका, प्रत्येकाच्या नावाआधी अंडरस्कोर हवाच, तो राहिला की फंक्शन सापडतच नाही. रनटाइम मेथड्सच्या यादीत सीरॅप (सी चं फंक्शन जावास्क्रिप्टमधून वापरता येईल असं करून देणारं) आणि हीपएफ६४ (तीच मेमरी डबल, म्हणजे दशांश आकड्यांच्या, रूपात दाखवणारं) टाका. कोड सी++ चा असेल तर फंक्शन एक्स्टर्न सी मध्ये गुंडाळा, नाहीतर कंपायलर नावच बदलून टाकतो.

आता खरा मुद्दा. जावास्क्रिप्टमधून सी च्या अशा फंक्शनला थेट फक्त आकडे जातात, अ‍ॅरे जात नाही, स्ट्रिंग जात नाही, ऑब्जेक्ट तर नाहीच. वेबअसेंब्लीची मेमरी म्हणजे बाइट्सची एक लांबलचक पट्टी, ती ६४ केबीच्या पानांनी वाढते, आणि जावास्क्रिप्टला ती वाचता पण येते आणि लिहिता पण येते. म्हणून आधी मॅलॉकने जागा मागायची. १२० दिवसांचे आकडे, प्रत्येक डबल ८ बाइटचा, म्हणजे ९६० बाइट कमालसाठी आणि तेवढेच किमानसाठी. मॅलॉक जो आकडा परत देतो तो बाइटमधला पत्ता असतो, पण हीपएफ६४ मध्ये मोजणी डबलची चालते, म्हणून पत्त्याला ८ ने भागून मग सेट करायचं. हा भागाकार विसरलात तर एरर बहुतेक येणारच नाही, उत्तर मात्र भलतंच येईल आणि तुम्ही सी च्या कोडमध्ये चूक शोधत बसाल.

मग सीरॅपने फंक्शन गुंडाळा, रिटर्न नंबर आणि तिन्ही पॅरामीटर पण नंबरच, कारण पॉइंटर हाही शेवटी आकडाच. कॉल करा, उत्तर घ्या, दोन्ही जागा फ्री करा. इथे गार्बेज कलेक्टर (जावास्क्रिप्टमधली नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) तुमच्या मदतीला येत नाही.

मेमरी वाढू द्यायचा फ्लॅग लावला असेल तर हीपएफ६४ स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवू नका, मेमरी वाढली की जुना बफर निकामी होतो, दरवेळी एमस्क्रिप्टनच्या मॉड्यूल ऑब्जेक्टमधूनच घ्या. आणि लूप जावास्क्रिप्टमध्ये ठेवून रोज एकेक दिवसासाठी सी ला हाक मारू नका, सगळा हंगाम एका कॉलमध्ये पाठवा, वेग तिथेच मिळतो.

पेज डबल क्लिक करून उघडलं तर वॅसम फाइल (कंपाइल होऊन मिळालेली वेबअसेंब्लीची फाइल) लोड होणार नाही, लोकल सर्व्हर लावा. खऱ्या सर्व्हरवर त्या फाइलचा माइम टाइप (फाइल कुठल्या प्रकारची हे ब्राउझरला सांगणारी खूण) अ‍ॅप्लिकेशन स्लॅश वॅसम असावा, नाहीतर स्ट्रीमिंगने लोड होत नाही. आणि रनटाइम तयार झाल्याशिवाय कॉल करू नका, ऑनरनटाइमइनिशियलाइज्डमध्येच (रनटाइम तयार झाला की आपोआप चालणारं फंक्शन) सुरुवात करा.

तपासायला हाताने जमेल असे दोनच दिवस द्या: छाटणीच्या सुमाराचा ३२ आणि १४, म्हणजे १३, आणि निफाडच्या थंडीतला २४ आणि ६, म्हणजे ५. उत्तर १८ आलं की मग पूर्ण हंगामाचा डेटा टाका.