माशीवर मासा: फ्लाय फिशिंगची पहिली ओळख

कोकणात खाडीकाठी गरवायला बसणाऱ्याला गरी, तंगूस आणि शिशाचा गोळा एवढी सामग्री पुरते. शिसे भिरकावले की त्याच्या वजनामागून दोरी आपोआप ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हा हिशेब उलटा असतो. गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीला सांगण्याजोगे वजनच नसते, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची असते ती जाड, वजनदार दोरी, आणि माशी तिच्या टोकाला निमूटपणे जाते. नवशिक्याच्या बहुतेक चुका ही एक गोष्ट डोक्याला पटूनही हाताला न पटल्यामुळे होतात.

आपल्याकडे हा प्रकार शिकायला हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीसारखी जागा क्वचितच मिळेल. कुलू जिल्ह्यातील बंजारच्या पुढे, नागिणी ते गुशैनी या पट्ट्यात ती फार रुंद नाही, आणि वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान असल्याने पाणी थंड व स्वच्छ राहते. येथील ब्राउन ट्राउट हा मासा मूळचा युरोपचा. ब्रिटिश अमदानीत तो आधी काश्मीरच्या आणि मग कुलूच्या नद्यांत सोडण्यात आला व थंड पाण्यामुळे टिकला. सह्याद्रीतील नद्यांचे पाणी त्याला मानवणार नाही, त्यामुळे महाराष्ट्रातल्या हौशी माणसाला सराव घरी आणि मासा हिमालयात, अशी विभागणी स्वीकारावी लागते.

हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची वीण असल्याने मासेमारी बंद असते. मे-जूनमध्ये वितळलेल्या बर्फाने पाणी वाढते आणि पावसाळ्यात ते गढूळ होते, म्हणून मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा, आणि दिवसाला किती व केवढे मासे ठेवता येतात हे त्यावरील नियमांत वाचूनच पाण्याकडे जावे.

साहित्याच्या दुकानात नवखा माणूस गोंधळतो आणि गरजेपेक्षा दुप्पट खर्च करून बाहेर पडतो. नऊ फुटांची, ‘५ वेट’ क्रमांकाची काठी पहिल्या काही वर्षांना पुरेशी आहे. दोरी मात्र त्याच क्रमांकाची, तरंगणारी घ्यावी, कारण ५ क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन सुमारे ९ ग्रॅम असते आणि ही काठी तेवढ्याच वजनाने नीट वाकेल अशी बनवलेली असते. मी पहिल्या वर्षी हलकी दोरी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि दोन महिने स्वतःच्या मनगटाला दोष देत राहिलो. दोरीच्या पुढे नऊ फुटांचा, टोकाकडे निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, म्हणजे लीडर, येतो. त्याचे टोक ‘५एक्स’, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीचे असावे. आकडा जितका मोठा तितका धागा बारीक, हे लक्षात ठेवावे. माशी बांधताना गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने धागा तिथेच कमजोर होतो. रिळावर फार पैसे घालू नयेत. लहान ट्राउटच्या बाबतीत त्याचे काम मुख्यतः दोरी गुंडाळून ठेवणे एवढेच असते.

आता फेक. हा सराव पाण्यावर नव्हे, गवताच्या मैदानावर करावा आणि माशीऐवजी लीडरला लोकरीचा लाल तुकडा बांधावा. (पुण्यात असा सराव करताना एका मुलाने मला पतंग कुठे आहे असे विचारले होते.) सुमारे २५ फूट दोरी समोर सरळ पसरावी आणि काठीचे टोक जमिनीलगत ठेवून सुरुवात करावी, म्हणजे दोरीतली ढील निघून जाते. मग काठी हळू उचलत, वेग वाढवत मागे न्यावी आणि डोक्यावर बारा धरलेल्या घड्याळातील एकच्या काट्याशी झटक्यात थांबवावी. काठीत साठलेला ताण दोरीत उतरतो तो या थांबण्यामुळे, जोर लावल्यामुळे नव्हे. मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे आणि मगच पुढे आणून दहाच्या काट्याशी पुन्हा थांबवावे. मधला तो क्षण नवशिक्याला असह्य होतो. हात घाईने पुढे येतो, पाठीमागे चाबकासारखा फटकारा ऐकू येतो, आणि खऱ्या माशीने मासेमारी चालू असेल तर माशी तुटून गेलेली असते. सुरुवातीला मान वळवून दोरीकडे पाहण्यात काही कमीपणा नाही. चार-पाच दिवसांत डोळ्यांऐवजी तळहाताला ओढ जाणवू लागते.

नदीवर गेल्यावर पहिली दहा मिनिटे काठी जोडूच नये, नुसते पाणी न्याहाळावे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून राहतो आणि वाहत येणारे खाद्य टिपतो, म्हणून मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला किंवा वेगवान व संथ पाणी जिथे शेजारून वाहते त्या शिवणीवर तो असण्याची शक्यता अधिक. माशी त्याच्या वरच्या अंगाला टाकून तिला पाण्याच्याच वेगाने त्याच्याकडे वाहू द्यावे, आणि आपण त्याच्या पाठीमागून, म्हणजे खालच्या अंगाने जावे. मधल्या जोरदार धारेने दोरी ओढली की माशी पृष्ठभागावर रेघ ओढत घसरते आणि मासा तिला विटतो. अशा वेळी काठीच्या टोकाने दोरीचा फुगवटा उचलून धारेच्या वरच्या बाजूला ठेवावा. पृष्ठभागावर वर्तुळे उठत असतील तर तरंगणारी कोरडी माशी वापरावी, एरवी पाण्याखालून जाणारी ‘निंफ’ प्रकारची माशी अधिक मासे देते.

गोट्यांवरचे शेवाळ निसरडे असते, म्हणून गुडघ्यापलीकडे पाण्यात उतरू नये. धरणाच्या खालच्या पात्रात तर पाणी शांत दिसले तरी उतरू नये. तीर्थनच्या संगमाजवळच्या लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात जून २०१४ मध्ये बियास नदीपात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले होते.

मासा सोडून द्यायचा असेल तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट करावा, हात ओले करूनच मासा धरावा आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवून तो स्वतःहून शेपटी मारेपर्यंत आधार द्यावा. संध्याकाळी वापरलेल्या माश्या डबीत तशाच बंद न करता टोपीच्या कडेला टोचून रात्रभर वाळू द्याव्यात, कारण ओल्या माशीचा गळ गंजतो आणि शेजारच्या कोरड्या माश्यांनाही डाग पडतात.